पोचले अकरा

धनाजीचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये टेबलाखाली बसून सतरा नंबरच्या मशीनची वायर बदलत होतो. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेदहाला मुलांचं प्रॅक्टिकल होतं, वायर त्याआधी व्हायला हवी होती. फोन शर्टाच्या खिशात होता, तो काढताना डोकं टेबलाच्या कडेला लागलं. धनाजी माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. म्हणाला, “दाजी, कुठं हायसा?” मी म्हणालो, “लॅबात. का रं?” त्याच्या मागं बायकांचा आवाज येत होता आणि एक शेळी ओरडत होती, एकसारखी. मग तो म्हणाला, “दाजी, आक्का न्हाई ऱ्हायली. शेरडांना पाला टाकता टाकता बसली, ती बसलीच.” मी म्हणालो, “बरं.” फौजेत वीस वर्षं सिग्नलला होतो. निरोप मिळाला की मिळाला एवढं सांगायचं, ती सवय. बरं म्हणालो, फोन खिशात ठेवला, आठ रंगीत तारा ओळीनं लावल्या, क्लिप दाबली आणि वायर मशीनला खोचली. मागचा हिरवा दिवा लागला. तो लागल्यावर मी टेबलाखालून बाहेर आलो. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मुलगी अंकिता पुण्याहून आली, गळ्यात पडून रडली, तिलासुद्धा नाही. बायको गेल्याचं मला कळलं, आणि त्यानंतर मी एक वायर पुरी केली.

तिचं नाव शालू. ती माण तालुक्यात तिच्या माहेरी राहत होती आणि मी सांगलीत, विश्रामबागेकडं एका खोलीत. आमचं काही बिनसलं होतं म्हणून नव्हे. मी फौजेतून सुटून आलो आणि वर्षभरात सासूबाई, तानुबाई, मेंढरांच्या वाड्यात त्यांच्याच पायात येऊन पडल्या. खुबा मोडला. धनाजी तेव्हा मुंबईला गोदीत होता. शालू दोन महिन्यांसाठी म्हणून गेली आणि सहा वर्षं राहिली. मला सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये काम मिळालं. मशीन चालू करायच्या, बंद करायच्या, बिघडल्या तर बघायच्या. मुलं मला मामा म्हणतात. गेल्या श्रावणात तानुबाई वारल्या. धनाजी मुंबई सोडून बायकोला, अंबूबाईला घेऊन गावी येऊन राहिला. आता शालूला तिथं अडकवणारं काही नव्हतं. मी म्हणालो, चल सांगलीला. ती म्हणाली, आईचं दिवस तर होऊ द्यात. मग म्हणाली, ज्वारी निघू द्या. मग म्हणाली, शेळी गाभण हाय, तेवढं बघते. माणसाला किती वेळा विचारायचं याची एक मर्यादा असते असं मला वाटायचं. आता वाटतं, ती मर्यादा कुणी घालून दिली होती? कुणीच नाही. मीच.

शेवटचा गेलो होतो तेव्हा दहिवडीच्या स्टँडवर ती मला पोचवायला आली होती. डोक्यावरून पदर, हातात भाकरीचं फडकं. गाडी लागली होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. मी खिडकीत बसलो आणि ती खाली उभी. मी म्हणालो, “मग?” ती म्हणाली, “मग काय?” मी म्हणालो, “येतीस का न्हाईस?” ती फडकं वर देत म्हणाली, “ह्यात कांदा बी हाय. चेपू नका.” पलीकडच्या सीटवरचा म्हातारा हसला. मला राग आला. राग आला की मी गप्प होतो, आरडाओरडा करत नाही. शालू म्हणायची, तुमचा राग थंडीतल्या दगडागत, हात लावल्याबिगर कळत न्हाई. गाडी सुटली. मायणीपर्यंत मी भाकरी सोडली नाही. विट्याच्या पुढं सोडली. कांदा चेपला होता.

आता आमच्या दोघांतल्या मशीनचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लॅबमध्ये जयराज सर नेटवर्क शिकवतात. वयानं माझ्या भाच्याएवढे, कराडकडचे, घरी ऊस. वर्गात ते शिकवायचे तेव्हा मी मागं स्टुलावर बसून ऐकायचो. मुलांना ते अवघड जायचं. मला जायचं नाही, कारण मी फौजेत तेच करत होतो, फक्त तारा आणि वायरलेसवर. सरांनी एक संदेशांची लायब्ररी दाखवली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं आयतं काम, आपण फक्त वापरायचं. त्यात दोन प्रोग्रॅम एकमेकांना जोडायचे. प्रत्येकाच्या हातात एक सॉकेट, म्हणजे बोलण्याऐकण्याचं तोंड. एकानं जागा धरून बसायचं, दुसऱ्यानं ती जागा शोधत यायचं. जागा धरणं म्हणजे बाइंड आणि शोधत येणं म्हणजे कनेक्ट. आधी कुणी यायचं याला नियम नाही. जागा धरणारा अजून उठलाच नसेल तरी शोधणारा चुकलो म्हणत नाही. दर थोड्या वेळानं जाऊन बघतो, आला का, आला का. तोवर त्याला जे पाठवायला दिलंय ते स्वतःजवळ धरून ठेवतो. समोरचा आला की सगळं ओळीनं देऊन टाकतो. सर फळ्यावर दोन गोल काढून मधे रेघ मारायचे. मुलं जांभया द्यायची. मी त्या दोन गोलांकडं बघत बसायचो. मला ते दोन माळ वाटायचे, मधे ओढा.

लहानपणी आमचा वाडा आटपाडीच्या बाजूला असायचा. मेंढरं घेऊन वडील एका माळावर, चुलता दुसऱ्या माळावर. दिवस कलला की वडील हात तोंडाशी धरून हाळी द्यायचे, हाय का रंऽऽ. मग थांबायचे. पलीकडून हाऽऽय आलं की मगच मेंढरं हलवायची. उत्तर येईपर्यंत वडील पाऊल उचलत नसत. एकदा मी म्हणालो, “आबा, आपली हाळी गेली की. चला.” ते म्हणाले, “गेली ते म्या बी ऐकलं. तिकडं घावली का?” मी सात वर्षांचा असेन. एवढं सोपं होतं ते. घोंगडीचा वास, मेंढरांच्या खुरांची धूळ आणि पलीकडून आलेला तो बारीक आवाज, पाण्याखालून आल्यासारखा.

त्या लायब्ररीत जोडणीचे बरेच प्रकार आहेत. एकानं बोलायचं आणि पुष्कळांनी ऐकायचं, पुष्कळांनी विचारायचं आणि एकानं सांगायचं. सरांनी ते झरझर सांगितले. शेवटी म्हणाले, आणि एक जोडीचा आहे, याचा फार उपयोग नाही, यात एका टोकाला एकच. तिसरा जोडायला आला तर त्याला घेत नाही. मी स्टुलावरून उठलो आणि विचारलं, “सर, अजिबात न्हाई?” मुलं हसली. सर म्हणाले, “अजिबात नाही, दादासो.” त्या दिवशी मला शालूसाठी काय करायचं ते सुचलं. कारण आमच्या अठ्ठावीस वर्षांच्या संसारात दोघांचं असं ठिकाण कधी नव्हतंच. फौजेतून मी पत्र लिहायचो ते वडिलांच्या नावानं. बायकोच्या नावानं पत्र घालायची आमच्यात रीत नव्हती. तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग, मग भावांची नावं, मेंढरांची चौकशी, पाऊसपाण्याची चौकशी, आणि शेवटी घरातील सर्व मंडळी खुशाल असतील. त्या मंडळीत शालू. पत्र शाळेचे गुरुजी संध्याकाळी सगळ्यांपुढं वाचायचे. तिनं मला एकदा सांगितलं, “गुर्जी मंडळी म्हणलं की मी चुलीपशी मान वर करायची. तेवढा एक शबूद माझा.” ती सातवी शिकलेली, तिला स्वतःला वाचता येत होतं. पण पत्र तिच्या हातात कुणी दिलं नाही आणि तिनं मागितलं नाही. नंतर मोबाईल आले, तर घरात मोबाईल एक आणि माणसं नऊ. स्पीकर लावूनच बोलायचं.

म्हणून मी दोन प्रोग्रॅम लिहिले. मला लिहायला चार महिने लागले, मुलांना एक तास लागला असता. एक माझ्या खोलीतल्या मशीनवर. दुसरा कॉलेजनं काढून टाकलेल्या एका लॅपटॉपवर, तो मी माणला नेऊन तिच्या खोलीत फळीवर ठेवला, इन्व्हर्टरला जोडून. अंकिता पुण्यात याच कामात आहे. तिनं दोन्ही मशीन एका खासगी जाळ्यात बांधून दिल्या आणि हसली. “बाबा, लोक मेसेज करतात ना साधा.” मी म्हणालो, “करू द्या लोकांना.” माझ्या टोकानं जागा धरायची आणि शालूच्या टोकानं शोधत यायचं असं मी ठेवलं. आता विचार करतो तेव्हा तेही टोचतं. उलटं का नाही ठेवलं? जन्मभर तीच आली, तिथंसुद्धा तिलाच यायला लावलं.

तिला दाखवलं तेव्हा ती खाली बसून गुडघे पोटाशी घेऊन बघत होती. मी म्हणालो, “ह्यात फक्त दोघं. तिसरं माणूस येऊच शकत न्हाई.” ती म्हणाली, “आई?” म्हणालो, “न्हाई.” “अंबू?” “न्हाई.” “तुमच्या फौजेतला कर्नल?” “त्यो बी न्हाई.” मग ती बराच वेळ हसत होती, तोंडाला पदर लावून, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसण्याचंच असेल. म्हणाली, “लिवल्यालं मागं ऱ्हायलं न्हाई पायजे. पोरंबाळं वाचून दात काढत्याली.” म्हणून मी असं केलं की एंटर दाबलं की तिची ओळ पडद्यावरून पुसली जाते, कुठं साठत नाही. मी काही लिहिलं तर ते तिनं वाचून बटण दाबेपर्यंत राहतं, मग तेही जातं. पडद्याच्या कोपऱ्यात फक्त एक आकडा. पहिल्यांदा तो नव्हता. ती म्हणाली, “आवं, पुसलं की मला भ्या वाटतंय, गेलं कुठं?” म्हणून आकडा घातला. एक ओळ पाठवली की एकनं वाढायचा. आकड्याच्या आधी एक शब्द लागतो. मी शब्द घातला ‘पोचले’.

जयराज सरांना मी ते हौसेनं दाखवलं होतं. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “दादासो, हा शब्द बरोबर नाही. लायब्ररीनं तुमच्याकडून घेतलं, एवढंच तिनं सांगितलंय. समोर मिळालं असं ती म्हणतच नाही. पाठवले म्हणा. नाहीतर समोरून उत्तर मागवा आणि ते आलं की मगच पोचले म्हणा.” मी म्हणालो, “करतो, सर.” केलं नाही. मला शब्द ‘पोचले’च बरा वाटला. शालूला पाठवले या शब्दानं समाधान झालं नसतं. आणि फौजेत आम्ही खिडकीवर निरोप घेतला की शिक्का मारून द्यायचो, देणारा माणूस शिक्का बघून निश्चिंत व्हायचा. आमच्या हातात आलं म्हणजे पोचलं, एवढी आमची पत होती. वीस वर्षं मी तो शिक्का मारला. पुढं कुठं तार तुटली, कुठं बर्फ पडलं, ते त्या माणसाला कधी कळलं नाही.

दोन वर्षं चाललं ते. आम्ही फार काही लिहायचो नाही. जेवला का. व्हय. गाडी कवा हाय. शनवारची. आज वारं लय हाय. कधी नुसतंच, हाय का? आणि मी लिहायचो, हाय. मी कॉलेजातून आलो की दार उघडायच्या आधी मशीन डोळ्यांसमोर यायची. दिवसभराच्या तिच्या दोन-तीन ओळी असायच्या. सांगलीत काही महिने हवेला हळदीचा वास असतो. तो वास आणि त्या ओळी माझ्या डोक्यात एकत्र झाल्यात. अजूनही हळदीच्या पोत्यांचा ट्रक शेजारून गेला की वाटतं, काहीतरी आलंय, वाचायचं राहिलंय.

त्या दिवशी, चेपलेल्या कांद्याच्या दिवशी, मी खोलीवर आलो, हातपाय न धुता मशीनपुढं बसलो आणि लिहिलं, येतीस का न्हाईस ते एकदा सांग. थोड्या वेळानं तिचं आलं, सांगते की. घाई कशापायी. मी लिहिलं, मग मी आता इचारणार न्हाई. आणि माझा प्रोग्रॅम बंद केला. मला वाटलं, तिला कळेल. दार लावलं की बाहेरच्याला कळतं, तसं. पण मी स्वतः स्टुलावर बसून ऐकलं होतं की कळत नाही. शोधणाऱ्याला कधी चूक दिसत नाही. तो घेत राहतो, धरून ठेवत राहतो, दर थोड्या वेळानं जाऊन बघत राहतो. ऐकलं होतं आणि रागात विसरलो, किंवा विसरलो नव्हतो पण ते घरच्या माणसाला लागू आहे असं वाटलं नाही. नऊ दिवस मी प्रोग्रॅम उघडला नाही. फोन केला नाही. रोज संध्याकाळी काळ्या पडद्यापुढं बसून जेवलो आणि मनात म्हणत होतो, आता कळलं असेल तिला. नवव्या दिवशी सकाळी दहा वीसला धनाजीचा फोन आला.

माणला तेरा दिवस राहिलो. त्या दिवसांचं मला सलग आठवत नाही. अंगणात माणसं बसलेली, चहाच्या कपबश्या, ऊन पायावर आलेलं आणि मी पाय न काढलेला. कोणी येऊन म्हणायचं, “लय गुणाची हुती.” मी मान हलवायचो. दोन करडं झालेली होती, एक काळं, एक पांढरं, ती माणसांच्या मधून उड्या मारत फिरत होती आणि कोणी त्यांना हाकलत नव्हतं. दहाव्या दिवसानंतर कधीतरी मी तिच्या खोलीत गेलो. फळीवर लॅपटॉप उघडाच होता. बाजूचा दिवा दर काही सेकंदांनी लुकलुकत होता. मला माहीत होतं तो का लुकलुकतोय. तो सांगलीला जाऊन बघत होता, मी आलो का. पडदा रिकामा होता, काळा. कोपऱ्यात आकडा होता. मोजणी रोज सकाळी शून्यापासून सुरू व्हावी असं पहिल्यांदा ठेवलं होतं, पण शालूनंच ते काढायला लावलं होतं. म्हणाली होती, तुमी एखादं लिवलं की माझं फिरून शून्य होऊ द्या, म्हंजी किती वर उत्तर आलं ते कळतंय. माझ्या शेवटच्या ओळीनंतर तिथं शून्य झालं होतं. आता तिथं होतं, पोचले ११.

मी तिच्या अंथरुणाच्या वळकटीवर बसलो. अकरा ओळी. ती कुठं लिहिलेल्या नव्हत्या. पडद्यावरून पुसलेल्या, कागदावर नाहीत, डिस्कवर नाहीत. फक्त त्या मशीनच्या चालू आठवणीत, वीज आहे तोवर. त्यात तिचं उत्तर असणार, येते किंवा येत नाही. आणि तिला वाटत होतं की त्या अकराच्या अकरा मी वाचल्यात. वाचल्यात आणि गप्प बसलोय. दार लावलेल्या माणसाला हाका मारणं वेगळं. समोर बसून ऐकतोय आणि मान वर करत नाही अशा माणसाला अकरा वेळा बोलणं, ते वेगळं. तिला मी असा माणूस दिसलो नऊ दिवस. माझ्या एका शब्दामुळं. मशीनला हात लावायचं धाडस झालं नाही. अंबूबाई दारात येऊन म्हणाली, “दाजी, बंद करू का ते? उगं बारीक डोळा मारल्यागत करतंय, पोरं भ्यात्यात.” मी म्हणालो, “ऱ्हाऊ दे.” मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की अंगणातली माणसं वळून बघायला लागली.

सांगलीला आल्यावर मी रोज ठरवायचो आणि रोज उघडायचो नाही. प्रोग्रॅम चालू करणं म्हणजे एक शब्द टाइप करून एंटर दाबणं. पण एकदा मी जागा धरली की त्या ओळी येणार आणि तिकडची मशीन रिकामी होणार. आता निदान ती काहीतरी धरून आहे. तिचं काहीतरी सांगायचं अजून राहिलंय आणि ती दर थोड्या वेळानं येऊन बघतेय, असं धरून मी झोपायचो. आणि त्यात न्हाई येत असं असलं तर? आणि येते असं असलं तर? दोन्हीपैकी कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नव्हतं. लॅबमध्ये जयराज सरांनी एकदा विचारलं, “दादासो, बरं आहे ना?” मी विचारलं, “सर, शोधत येणारा किती दिवस शोधतो?” ते म्हणाले, “आपण थांबवेपर्यंत.” मग माझ्याकडं बघून त्यांनी हातातला डस्टर खाली ठेवला. पंखे चालू होते. चाळीस मशीन एकदम चालू असल्या की लॅबमध्ये एक बारीक आवाज असतो, लांबून येणाऱ्या मेंढरांच्या घोळक्यासारखा. मी त्या आवाजात उभा राहिलो, मुलं निघून गेली तरी.

काल, शुक्रवारी, धनाजीचा फोन आला. “दाजी, रविवारी आक्काच्या खोलीत कांदा टाकायचाय. दुसरीकडं जागा न्हाई, न्हाईतर म्हणलो नसतो.” मी म्हणालो, “टाक की.” तो म्हणाला, “मशीन काढून ठेवतो तुमची. वायर उपसली तर चालतंय न्हवं?” मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, “दाजी? हायसा का?” मी म्हणालो, “हाय. रविवारी सकाळी काढ. त्याच्या आधी न्हाई.” तो म्हणाला, “बरं.” धनाजी चांगला आहे. त्याला काय माहीत त्या मशीनमध्ये काय आहे. ती येणार होती का ते तिनं घरात सांगितलंच असतं तर मला एवढे दिवस लागले नसते, पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, हे मी आडून आडून विचारून बघितलं होतं. “आक्का सांगलीला यायचं काय म्हणत हुती का रं?” “न्हाई वो दाजी. तुमालाच ठावं.”

आज शनिवार. कॉलेजला सुट्टी घेतली. सकाळी उठलो, चहा केला, तो गार होऊ दिला. ऊन फरशीवर आलं, पलंगाच्या पायापर्यंत सरकलं, तिथं थोडा वेळ थांबलं आणि मागं गेलं. त्या उन्हाकडं बघता बघता मला डुलकी लागली असावी, कारण मी दहिवडीच्या स्टँडवर होतो. गाडीत ती बसली होती आणि मी खाली उभा. ती खिडकीतून काही बोलत होती आणि मला ऐकू येत नव्हतं, काच लावलेली होती. मी खूण करत होतो, काच काढ, आणि ती फडकं दाखवून हसत होती. जाग आली तेव्हा फरशीवरचं ऊन गेलं होतं. खाली भंगारवाला ओरडत होता. मी उठून मशीनपुढं बसलो. हात धुतले नव्हते म्हणून उठून हात धुतले. परत बसलो. शब्द टाइप केला आणि एंटर दाबलं.

एक क्षणही गेला नाही. मला वाटलं होतं एकेक येईल, मधे श्वास घ्यायला वेळ मिळेल. अकराच्या अकरा एकदम आल्या, लिहिल्या त्या क्रमानं, एकाखाली एक. पहिली होती, रागावला व्हय. मग, ज्वारी काढून झाली आज, अंबूचा हात कापला थोडा. मग, दोन करडं झाली, एक पांढरं हाय, आईच्या केसागत. मग, वाचताय न्हवं, हितं पोचले म्हणून दावतंय. मी इथं थांबलो आणि पडद्यावर हात ठेवला, ओळ झाकली. बऱ्याच वेळानं काढला. पुढं होतं, बोलू नका तुमी, मीच बोलते. मग, अजून कुनाला सांगितलं न्हाई, आदी तुमाला सांगते. मग, शेरडं अंबूला देनार. पांढरं करडू देनार न्हाई, ते संगं आनलं तर तुमचा घरमालक काय म्हनंल. मग एक ओळ नुसती, हाय का. मग, आज लय दमल्यागत झालंय, ऊन लागलं आसंल. त्या ओळीनंतर मी उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. नऊ झाल्या होत्या. दहावी होती, नदीची वल येती का वो भिंतींना, मला वल सोसत न्हाई, माळावरचं मानूस. आणि अकरावी, शेवटची, कधी लिहिली ते कळायला मार्ग नाही, सकाळी पाला टाकायला जाण्याआधी असेल किंवा आदल्या दिवशी. खोलीला खिडकी कुठल्या अंगाला हाय तेवढं सांगा, तुळस कुठं ठेवायची ते बघून मग निगते.

सहा वर्षांत मी तिला खोलीचं सगळं सांगितलं होतं. नळाला पाणी किती वाजता येतं, जिना किती पायऱ्यांचा आहे, शेजारी कोण आहे. खिडकीचं सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. माळावर राहणाऱ्या बाईला ऊन कुठून येतं हे पहिल्यांदा विचारावंसं वाटेल, हे मलाच कळायला पाहिजे होतं, मीही माळावरचाच.

आता दुपारचे साडेतीन झालेत. माझं टोक उघडं आहे. तिचं टोक जोडलेलं आहे, माणमध्ये फळीवर, खोलीत कोणी नाही. मी काही पाठवलं तर ते तिच्या पडद्यावर जाऊन उभं राहील आणि कोणी बटण दाबेपर्यंत तिथंच राहील, उद्या सकाळी धनाजी वायर उपसेपर्यंत. आणि माझ्या कोपऱ्यात आकडा वाढेल, पोचले एक. तो शब्द मी अजून बदललेला नाही.

खिडकी पूर्वेला आहे, सकाळी आठपासून साडेदहापर्यंत ऊन पलंगाच्या पायापर्यंत येतं, वल नाही. एवढं टाइप करून ठेवलंय. एंटर दाबायचं राहिलंय.